समाधान कोणाला सांगावे?

'समाधान असावे' हे वाक्य आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो आणि माना डोलावतो! पण समाधान म्हणजे काय, असे कोणी विचारले तर बहुतेकांचे उत्तर येते, "जे मिळालं त्यात भागवावं, जास्त मागू नये." हा अर्थ अपुरा आहे, आणि प्रसंगी तो दुसऱ्याच्या जिवावर बेततो. म्हणून थोडा विचार करू.

प्रथम शब्द पाहू. सम् आणि आ हे उपसर्ग, धा हा धातू. धा म्हणजे ठेवणे. चहूकडे विखुरलेले मन गोळा करून एके ठिकाणी नीट ठेवणे, हे समाधान. योगशास्त्रातील पाच नियमांत शौचानंतर संतोष येतो आणि संतोषाला लागूनच तप येते. तेव्हा हातपाय गाळून बसणाऱ्याचा हा संतोष नव्हे, हे उघड आहे.

आता, मन ठेवावे कशावर? त्याला आधार कृतज्ञतेचा. 'कृत' म्हणजे केलेले, 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. ज्याच्या वहीत येणे तेवढेच लिहिलेले असते आणि देण्याचे पान कोरे असते, त्याला मिळेल तेवढे कमीच वाटणार!

याचे उदाहरण शोधायला आपल्या वर्धा जिल्ह्याबाहेर जायला नको. विनोबा भावे 1921 साली वर्ध्यास आले. त्यांचे बालपण कोकणात गागोद्याचे. घरच्या झाडाचा फणस निघाला की आई आधी शेजाऱ्यांकडे गरे पाठवी, मग मुलांना देई. त्याच माउलीला संस्कृत गीता कळेना. मराठीत तू का करीत नाहीस, असे तिने मुलाला म्हटले होते. ती 1918 मध्ये गेली. मुलाने वर्ध्यात 1930-31 साली 'गीताई' लिहून काढली. आई ऐकायला नव्हती, तरी ऋण फिटायचे राहिले होते ना! कृतज्ञता ही अशी काम करायला लावते.

पुढे 1938 साली प्रकृती फार ढासळली, तेव्हा विनोबा पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले. नदी ओलांडताना त्यांनी मनातले सर्व विचार टाकल्याचा संकल्प केला आणि तिथे रोज थोडे थोडे खणायला लागले. शरीर सुधारले. 1950 च्या सुमारास त्याच आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग झाला. पैशावाचून आपल्या श्रमावर जगायचे, बैलही वापरायचा नाही. विहिरीवरच्या रहाटाला आडवे दांडे लावून माणसेच तो ढकलीत आणि फिरता फिरता गीता म्हणत. घाम गळतो आहे, मुखी भगवंताची वाणी आहे. साधेपणा म्हणतात तो हा.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो याआधीचा, 1935 सालचा नालवाडीचा प्रयोग. विनोबांनी ठरवले, कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यातच आपण जगून पाहायचे. रोज आठ-नऊ तास सूत कातले. मजुरीचा हिशेब केला तर दिवसाचे अन्नही नीट सुटेना! आता समाधानाचा आपला नेहमीचा अर्थ घेतला तर ते म्हणाले असते, 'बायांनो, आहे त्यात सुख माना.' तसे झाले नाही. गांधीजींनी हा प्रश्न हाती घेतला आणि त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्याला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हे तत्त्व मान्य केले. दर वाढले. खादी घेणाऱ्याला चार पैसे जास्त मोजावे लागले, ते योग्यच झाले.

सज्जनहो, यातले मर्म लक्षात घ्या. स्वतःची गरज कमी करून पाहिली, म्हणूनच दुसऱ्याची खरी गरज दिसली. समाधान स्वतःला सांगायचे असते. दुसऱ्याला द्यायचा असतो त्याचा वाटा.

आपल्याकडे कापूस पिकवणाऱ्याच्या घरी कर्जापायी काय काय घडले ते विदर्भात कोणाला सांगायला नको. बोंडअळीने पऱ्हाटी गेली, भाव पडला, सावकार दारात उभा. अशा माणसापुढे भरल्या पोटी 'संतोष हेच धन' असे निरूपण करणे म्हणजे जखमेवर मीठ. तिथे कीर्तनकाराने टाळ खाली ठेवून आधी चूल पेटली आहे का ते विचारावे. पोटाला मिळाले की मग तोच माणूस समाधानाचा अर्थ आपल्याला शिकवील.

ज्यांच्या घरी दोन वेळची भाकरी आहे त्यांनी मात्र हा अभ्यास जरूर करावा. ताट पुढे आले की घास घेण्याआधी क्षणभर थांबावे. ज्वारी कोणी पेरली, तूर कोणी कापली, पाणी कोणी भरले, चुलीशी कोण बसले, ते आठवावे. दुसरे, काहीही नवे विकत घेण्याआधी आठ दिवस वाट पाहावी. आठ दिवसांत निम्म्या इच्छा आपोआप विरतात. तिसरे, त्यातून जे वाचेल त्यातले काही त्या आठवलेल्या माणसांपैकी एकाकडे पोचवावे. ते उपकार म्हणून देऊ नये, देणे म्हणून द्यावे. घरातल्या गड्याचे किंवा मोलकरणीचे थकलेले पैसे असतील तर तिथूनच सुरुवात करावी.

एवढे महिनाभर करून पाहा. मन जागेवर येते की नाही, ते ज्याचे त्यालाच कळेल. रामकृष्ण हरी.