छात्राध्यापकांची भावनिक तयारी

सरावासाठी आपल्या शाळेत येणाऱ्या छात्राध्यापकाचे पाठटाचण आपण बारकाईने तपासतो. फळ्यावरील अक्षर, प्रश्नांचा क्रम यांवर शेरे लिहितो. पाठ चालू असता एखादे मूल रडू लागले, तर त्याने काय केले याची नोंद मात्र क्वचितच होते. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळही निषिद्ध आहे. छडी गेली आणि तिच्या जागी टोमणा आला, तर मुलाचे काय हित झाले?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची अनेक मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. असा मुलगा वाचताना अडखळतो, शेजारचे हसतात, तो पुस्तक मिटून बसतो. “मुलगा हट्टी आहे,” असे छात्राध्यापक वहीत लिहितो. हा शेरा खोडावयास सांगावा. प्रत्यक्ष दिसले तेवढेच त्याने लिहावे : कोणत्या शब्दावर अडला, कोण हसले, पुस्तक केव्हा मिटले. मग त्या वेळी मुलास काय वाटले असेल व स्वतःस राग आला होता काय, हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर पहिल्या दिवशी बहुधा मिळत नाही. घाई करू नये.

शाळा सुटल्यावर यासाठी दहा मिनिटे पुरतात. आपला स्वतःचा आवाज केव्हा चढतो, हेही तो छात्राध्यापक मागच्या बाकावरून पाहत असतोच.