भंडाऱ्याचे तलाव आणि शरदातील पाहुणे

भंडारा जिल्ह्याला सागरकिनारा नाही. परंतु तलावांचा जिल्हा म्हणून त्याची ख्याती आहे. कोहळी समाजातील जाणकारांनी धानशेतीसाठी काही शतकांपूर्वी बांधलेले हे जलाशय पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव मात्र राहिले. शरद ऋतूत त्यांच्या काठाने दुर्मीळ पक्ष्यांचा शोध घेत घालविलेला एक दिवस अभ्यासकाला पुष्कळ काही शिकवून जातो.

साकोली तालुक्यातील शिवनीबांध, तुमसर तालुक्यातील चांदपूर किंवा पवनीचे बालसमुद्र, कोठेही आरंभ पहाटेच करावा. सूर्य पाठीशी राहील अशी जागा पाळीवर निवडावी, म्हणजे पिसांचे रंग स्पष्ट दिसतात. पक्ष्यामागे धावू नये. प्रथम पाणी वाचावे.

पाण्याच्या प्रत्येक खोलीचा रहिवासी वेगळा असतो. मध्यभागी, खोल पाण्यात, लालसरी व शेंडी बदक बुडी मारून पाणवनस्पती मिळवितात. त्याहून उथळ पाण्यात तलवार बदक डोके खाली व शेपटी वर करून तळ धुंडाळते. थापट्या आपल्या पसरट, दातेरी चोचीने पाणी गाळून सूक्ष्म जीव टिपतो. ओल्या चिखलात तुतारी आणि पाणलाव चोच खुपसतात, तर तरंगत्या पानांवरून कमळपक्षी आपल्या लांबसडक बोटांच्या आधारे सहज चालतो. यांपैकी कित्येक पाहुणे हिमालयापलीकडून आलेले असतात. पट्टकदंब हंसाने तर त्या प्रवासात ७,००० मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे.

दुपारी मोर्चा धानाच्या बांध्यांकडे वळवावा. हलके धान कापणीला आलेले असते. अशा वेळी दूरवर सुमारे पाच-सहा फूट उंचीची, राखाडी अंगाची व तांबड्या मानेची जोडी दिसली, तर दिवस सार्थकी लागला असे समजावे. हा सारस होय. पावसाळ्यात धानातच तो घरटे करतो. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि शरदात पिले आईबापांमागून हिंडू लागतात. महाराष्ट्रात सारस आज मुख्यत्वे गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतच उरला आहे. १९९९ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. आजच्या भंडारा जिल्ह्यात तर त्यांची गणती हाताच्या बोटांवर होते. पिकांवरील विषारी औषधे आणि विजेच्या तारा हे त्याचे मोठे वैरी आहेत.

सायंकाळी अडईचे थवे शीळ घालीत शेतांकडे निघतात. त्या वेळी दिवसभराची टिपणे पडताळून पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते : सर्वाधिक जातींची नोंद विस्तीर्ण खोल पाण्यावर होत नाही, ती उथळ, वनस्पतींनी भरलेल्या काठावर होते. नेमका हाच काठ आज संकटात आहे. गाळ साचतो, बेशरमाची झुडपे पसरतात आणि देवधानासारख्या मूळच्या वनस्पती नाहीशा होतात. त्यांच्याबरोबर पक्ष्यांचे अन्न जाते, तसाच माशांचा आसराही जातो.

माशांचा आसरा गेला, की ढिवर समाजाच्या उपजीविकेला धक्का बसतो. म्हणूनच भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे काही तलावांत बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले. गाळ काढताना सगळा काठ उभा कापून न टाकता त्याचा उतार सौम्य ठेवणे, काही भागातील वनस्पती तशीच राखणे आणि सारसाच्या घरट्याभोवतीचे धान पिले बाहेर पडेपर्यंत न हलविणे, एवढे तर प्रत्येक गावाला करता येण्याजोगे आहे.

एखाद्या शरदात नेहमीचा पाहुणा आला नाही, तर दोष केवळ त्याच्या दूरच्या वाटेला देऊन चालणार नाही. आपल्या तलावाचा काठ एकदा नीट पाहिला पाहिजे.