सत्तावीस कोटींचे अर्थशास्त्र

वेतनाचा सिद्धांत शिकवताना दरवर्षी वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. “सर, चेंडू टोलवणाऱ्याला कोट्यवधी रुपये, आणि शिक्षकाला, परिचारिकेला, शेतमजुराला मात्र त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतके, हा कोणता न्याय?” प्रश्न रास्त आहे. परंतु त्यात दोन प्रश्नांची गल्लत झालेली असते. मोबदला कसा ठरतो हा एक प्रश्न आणि तो कसा ठरावा हा दुसरा. प्रस्तुत लेखात मी मुख्यतः पहिल्या प्रश्नाचा विचार करणार आहे. तो नीट उमगला नाही तर आपल्या घरचा जमाखर्चही चुकतो, असे माझे मत आहे.

प्रथम आकडे पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथे झालेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात लखनौच्या संघाने ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतले. हा एका हंगामाचा, म्हणजे सुमारे दोन महिन्यांच्या खेळाचा मोबदला. त्याच वर्षी, २०२४-२५ मध्ये, कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३४९ रुपये होती. हमीचे पुरे १०० दिवस काम मिळाले तर वर्षाचे ३४,९०० रुपये होतात. या हिशेबाने २७ कोटी मिळवायला मजुराला सुमारे ७,७०० वर्षे राबावे लागेल.

मग आजचे खेळाडू पूर्वीच्यांपेक्षा इतके श्रेष्ठ झाले काय? तसे मुळीच नाही. १९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासखर्चाची पंचाईत होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. १९८३ साली कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांना साजेसे बक्षीस देण्याइतका पैसा क्रिकेट मंडळाजवळ नव्हता. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. कौशल्य तेव्हाही होते. नव्हती ती बाजारपेठ.

कुस्तीच्या फडाभोवती जितकी माणसे बसतील तितकीच पहिलवानाची बाजारपेठ. गायकाचा आवाज जितक्यांच्या कानी पडेल तितकीच त्याच्या कमाईची मर्यादा, हे आल्फ्रेड मार्शल यांनी फार पूर्वीच सांगून ठेवले होते. दूरचित्रवाणीने ही मर्यादा मोडली. १९९० नंतरच्या वर्षांत मंडळ सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकू लागले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. २००८ साली आयपीएल सुरू झाली, आणि २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एक षटकार एकाच वेळी कोट्यवधी लोक पाहतात. त्यासाठी फलंदाजाला तो कोटी वेळा मारावा लागत नाही. शिक्षकाला मात्र प्रत्येक वर्गात नव्याने उभे राहावे लागते, परिचारिकेला प्रत्येक खाटेपाशी जावे लागते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी १९८१ साली हेच सूत्र मांडले. जिथे एकाच कामाचा लाभ असंख्य लोकांना देता येतो, तिथे गुणांतल्या थोड्याशा फरकाने मिळकतीत प्रचंड फरक पडतो.

दुसरे कारण दुर्मिळतेचे. जमिनीप्रमाणे असामान्य गुणवत्तेचा पुरवठाही वाढवता येत नाही, म्हणून तिला जी जादा प्राप्ती होते तिला आपण ‘योग्यतेचा खंड’ म्हणतो. लिलावात हा खंड डोळ्यांदेखत वाढताना दिसतो. पंतची मूळ किंमत २ कोटी होती. बोली २०.७५ कोटींवर थांबली. दिल्लीच्या संघाने त्याला परत घेण्याचा आपला हक्क बजावण्याची तयारी दाखवताच लखनौने आकडा एकदम २७ कोटींवर नेला. त्या क्षणी पंतचे कौशल्य वाढले नव्हते. वाढली होती ती गिऱ्हाइकांची चुरस. त्या हंगामात त्याच्या २६९ धावा झाल्या, म्हणजे धावेमागे सुमारे १० लाख रुपये पडले. यात त्याचा दोष नाही. मोबदला आधीच, अपेक्षेवर ठरला होता.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. २०२५ साठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्याची मर्यादा १२० कोटी होती; दहा संघ मिळून १,२०० कोटी. प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न दर हंगामाला सरासरी ९,६७८ कोटी. म्हणजे खेळाडूंच्या वाट्याला त्याचा जेमतेम आठवा हिस्सा आला. सामन्यागणिक मिळणारे मानधन मिळवले तरी चित्र फारसे बदलत नाही. याउलट अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या संघटनेने केलेल्या करारामुळे त्यांना संबंधित उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो. तेव्हा केवळ खेळाडूवर रागावण्यात अर्थ नाही. हा पैसा शेवटी वर्गणीतून आणि जाहिरातींतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातूनच जातो.

आता घरच्या जमाखर्चाकडे वळू. त्या लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नावे नोंदवली. विकले गेले १८२. त्यांच्यावर ६३९.१५ कोटी खर्च झाले, म्हणजे सरासरी साडेतीन कोटी. पण ही सरासरी फसवी आहे. वरच्या मोजक्या आकड्यांनी ती फुगलेली असून कित्येकांना ३० लाख या किमान दरानेच घेतले गेले. शिवाय नाव नोंदवण्याइतपत मजल मारण्यापूर्वीच गळालेली मुले या हिशेबात येतच नाहीत. ॲडम स्मिथने १७७६ साली अशा धंद्यांना सोडतीची उपमा दिली होती. एकाला मिळते ते अनेकांनी गमावलेले असते, आणि प्रत्येकाला वाटते की तो एक आपणच.

हे सांगण्याचे कारण असे की मुलाच्या प्रशिक्षणासाठी जमीन विकावी काय, कर्ज काढावे काय, असे विचारणारे पालक अलीकडे भेटतात. मुलाने खेळू नये असे मी त्यांना सांगत नाही. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीही घर गहाण ठेवलेच होते. परंतु ते ज्याच्यासाठी ठेवले तो मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आलेला होता. सिद्ध झालेल्या गुणावर पैसा लावणे वेगळे आणि सोडतीवर लावणे वेगळे. मुलगा कोणत्या पातळीवर, किती वर्षे, कोणाविरुद्ध खेळला आहे हे आधी पाहावे. त्याचे शिक्षण चालू ठेवावे. आणि बुडाले तरी घर चालेल एवढीच रक्कम त्यात घालावी.

बाजारातली किंमत आणि माणसाचे मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत. २७ कोटी हा आकडा प्रेक्षकांची संख्या आणि बोलीची चुरस सांगतो. परिचारिकेची किंवा मजुराची योग्यता किती, हे तो सांगत नाही. त्यांना न्याय्य मोबदला कसा मिळावा हा दुसरा प्रश्न आहे, आणि तो लिलावाच्या मंडपात सुटणारा नाही. कर, किमान वेतन आणि कामगारांची एकजूट यांच्या अभ्यासातूनच त्याची वाट निघेल.