जुन्या गाडीचा निरोप घेताना

महामार्गावर एका क्षणात सारे घडून जाते. समोरची मालमोटार अचानक थांबते, ब्रेक पूर्ण लागण्यापूर्वीच तुमची गाडी तिच्यावर आदळते. देवाच्या कृपेने घरातील सर्व जण किरकोळ दुखापतीवर निभावतात. पण आठवड्याने गॅरेजच्या आवारात ती चेपलेली गाडी पाहताच तुमचे डोळे भरून येतात. याच गाडीतून तुम्ही नववधूला घरी आणले, बाळाला इस्पितळातून आणले, वृद्ध आईला उपासनेला नेले. आता मिस्त्री विचारतो, “साहेब, दुरुस्त करायची की सोडून द्यायची?”

तुम्ही काय उत्तर द्याल?

दुःख होणे गैर आहे का?

मुळीच नाही. तुम्ही पत्र्यासाठी रडत नाही. त्या पत्र्याच्या आडोशाने गेलेल्या वर्षांसाठी रडता. मुलांनाही हे दुःख बोलून दाखवू द्या. मात्र आठवणी गाडीत नसतात, त्या तुमच्यापाशी असतात. गाडी गेली तरी त्या जात नाहीत. म्हणून निर्णय घेताना आठवणी एका बाजूला व जबाबदारी दुसऱ्या बाजूला, असे वेगळे मांडणे शहाणपणाचे ठरेल.

“जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो”

हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. पण ते कितपत खरे आहे? टक्कर होते तेव्हा गाडीची गती कोठेतरी खर्ची पडावीच लागते. पुढचा भाग ठरवून दिल्याप्रमाणे चुरगळला, तर आघाताचा बराचसा जोर तेथेच जिरतो. बसण्याची जागा भक्कम राहिली, तर माणसे वाचतात. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, हेही लक्षात ठेवा.

अमेरिकेत २००९ साली एका विमा संशोधन संस्थेने १९५९ सालची शेवरोले बेल एअर आणि २००९ सालची शेवरोले मालिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. बेल एअर दणकट दिसत होती. परंतु तिची बसण्याची जागाच कोसळली. तिच्यात खरा चालक असता तर तो वाचला नसता. मालिबूतील चालकाच्या पायाला किरकोळ इजा झाली असती.

अर्थात, नवी म्हणजे सुरक्षित, असेही समजू नका. २०१४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची अशीच चाचणी झाली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकीलाही एकसुद्धा तारा मिळाला नाही. त्यानंतर आपल्या देशात नियम कडक झाले. २०१९ सालापासून नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग बंधनकारक आहे, आणि २०२३ सालापासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणी सुरू आहे. गाडी निवडताना रंग पाहण्याआधी तिला किती तारे मिळाले ते विचारा.

खर्चाचा हिशेब आधी करा

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला तुम्हाला ठाऊक आहे. येथेही तसेच करा. विमा पॉलिसीवर गाडीचे ‘घोषित मूल्य’ छापलेले असते. दुरुस्तीचा खर्च त्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर सामान्यतः गाडी पूर्णपणे निकामी झाली असे विमा कंपनी धरते. जुन्या गाडीचे हे मूल्य कमी असल्याने मध्यम अपघातही तिला पुरतो. आणि तुमचा विमा केवळ तिसऱ्या पक्षापुरता असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी काहीही मिळत नाही.

दुरुस्ती परवडत असली तरी एक प्रश्न उरतो: सांगाडा वाकला आहे का? दरवाजे नीट बसत नसतील, गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकाच कडेने झिजत असतील, तर रंगाखाली दोष दडलेला असू शकतो. अशा गाडीत तुम्ही मुलांना बसवाल का?

निरोप नीट घ्या

गाडी भंगारवाल्याला देऊन विसरून जाऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन कायमचे निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी प्रमाणपत्र रद्द करण्यासाठी पाठवावयाचे असते. तसे न केल्यास तुमच्या गाडीची कागदपत्रे चोरीच्या गाडीला लावली जाण्याचा धोका असतो. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास तुम्हाला ठेव प्रमाणपत्र मिळते, व त्यावर नवी गाडी घेताना सवलत मिळू शकते. गाडी देण्यापूर्वी तिच्यासोबत सर्वांचे एक छायाचित्र काढून ठेवा.

छतावरचा कठडा

प्राचीन इस्राएलात नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा घालावा, अशी आज्ञा होती (अनुवाद २२:८). कोणी वरून पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये, हा तिचा हेतू. घर कितीही लाडके असो, कठडा नसेल तर ते पाहुण्यासाठी सापळाच ठरते.

गाडीचेही तसेच नाही का? २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. तेव्हा नवी गाडी दारात येईल त्या दिवशी पहिला नियम घरात घालून द्या: मागे बसणाऱ्यांसह प्रत्येकाने पट्टा बांधल्याखेरीज गाडी हलणार नाही. जुन्या गाडीने तुमची माणसे घरी परत आणली. तिचे काम पूर्ण झाले. आता तेच काम दुसरीवर सोपवा, आणि तिला ते करता येईल अशीच ती निवडा.