मोटारीतील हवा, काच आणि नभोवाणी

मोटार चालविण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही आणि तो नियम योग्यच आहे. तथापि मोटारीतील काही कळा अशा आहेत की, त्यांना हात लावण्याचा प्रसंग शाळकरी मुलामुलींवर वारंवार येतो. ‘जरा थंड कर रे’, ‘बातम्या लाव पाहू’, ‘काच धूसर झाली, काहीतरी कर’ अशा आज्ञा चालकाशेजारी बसणाऱ्यास होत असतात. बहुतेक जण मग अंदाजाने एखादी कळ फिरवितात व काय होते ते पाहतात. त्या कळांमागील शास्त्र विद्यार्थ्यांपुढे थोडक्यात मांडावे, असा आमचा मानस आहे. ते कठीण मुळीच नाही. परंतु भर पावसात घाट चढताना ते ठाऊक असणे व नसणे यांत फार मोठे अंतर पडते.

उष्णता व थंडी कोठून येते?

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली धुराबरोबर आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. हेच तापलेले पाणी नळ्यांच्या एका लहान जाळीतून नेऊन तिच्यावरून पंख्याने हवा सोडली की झाला मोटारीचा हीटर. म्हणून इंजिन तापेपर्यंत ऊबदार हवा मिळत नाही आणि एकदा ते तापले की ती जवळजवळ फुकट मिळते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत मात्र तिच्यासाठी बॅटरीतील वीज खर्चावी लागते.

थंडीची गोष्ट निराळी आहे. घामावर वारा लागला की अंग गार वाटते, मातीच्या मडक्यातील पाणी थंड होते. कारण द्रवाची वाफ होताना तो आसपासची उष्णता शोषून घेतो. ए. सी.मध्ये हेच तत्त्व वापरले आहे. कॉम्प्रेसर एका वायूवर दाब देतो, त्याने तो तापतो. मोटारीच्या पुढील जाळीत बाहेरच्या वाऱ्याने निवून त्याचा द्रव होतो. तो द्रव बारीक छिद्रातून सुटताच त्याचा दाब उतरतो आणि डॅशबोर्डामागील दुसऱ्या जाळीत त्याची पुन्हा वाफ होते. ती जाळी थंडगार पडते व तिच्यावरून येणारी हवा आपणांस सुखद वाटते.

अमेरिकेतील पॅकार्ड मोटारींच्या १९४० सालच्या नमुन्यांत अशी यंत्रणा प्रथम विक्रीस आली. तिचा कॉम्प्रेसर बंद करावयाचा तर इंजिन थांबवून, खाली उतरून, बॉनेट उघडून त्याचा पट्टा हाताने काढावा लागे. आज तेच काम एका बोटाने होते.

थंड जाळीवर हवेतील बाष्पाचेही पाणी होते. ए. सी. चालू असलेल्या उभ्या मोटारीखाली स्वच्छ पाणी ठिबकताना दिसते, ते हेच. म्हणजे ए. सी. हवा थंड तर करतोच, पण ती कोरडीही करतो. हा दुसरा गुण पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. पावसाळ्यात मात्र तोच अधिक मोलाचा ठरतो.

आतली हवा की बाहेरची?

मोटारीच्या आकृतीत वळलेला बाण काढलेली एक कळ असते. ती दाबली की बाहेरची हवा येणे थांबते व आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरू लागते. पुढे धूर ओकणारा ट्रक असेल किंवा रस्त्यावर धूळ उडत असेल, तेव्हा ही सोय उत्तम. उन्हाळ्यात ए. सी. लवकर थंडावा देतो तोही याच सोयीमुळे; कारण एकदा निवलेली हवाच त्याला पुन्हा निववावयाची असते.

परंतु ही कळ तासन्‌तास तशीच ठेवू नये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण शेकडा सुमारे ०.०४ असते, तर आपल्या उच्छ्वासात ते शेकडा सुमारे ४ असते. चार-पाच माणसे बंद मोटारीत बसली की हा वायू साचत जातो, डोके जड होते आणि डोळ्यांवर झापड येते. प्रवाशाला झापड आली तर तो झोपेल. चालकाला आली तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

काचेवरील धुके

पणजीहून साखळी, केरी या मार्गाने चोर्ला घाट चढून बेळगावास जाणाऱ्यांना पावसाळ्यातील हा अनुभव परिचयाचा असेल. घाटमाथा सुमारे ८०० मीटर उंच. तेथील हवा पायथ्याहून चार-पाच अंशांनी थंड. बाहेर पाऊस, आत माणसांचे श्वास आणि ओल्या छत्र्या. पाहता पाहता समोरची काच दुधासारखी होते आणि वळणावरील वाहन दिसेनासे होते.

याचे कारण असे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांवर सुमारे १७ ग्रॅमच. आतील दमट हवा थंड काचेला टेकली की तिला जास्तीचे बाष्प पेलवत नाही आणि त्याचे सूक्ष्म थेंब काचेवर बसतात.

अशा वेळी ‘बाहेरची हवा ओली आहे, ती आत नको’ असे म्हणून वळलेल्या बाणाची कळ दाबणारे पुष्कळ आढळतात. त्याने धुके वाढते. कारण श्वासांतील सारे बाष्प आतच कोंडले जाते. योग्य उपाय असा: बाहेरची हवा घ्यावी, ए. सी. चालू करावा, हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा आणि तापमान किंचित ऊबदार ठेवावे. ए. सी. व हीटर एकाच वेळी लावणे विसंगत वाटेल, परंतु ए. सी. हवा कोरडी करतो व हीटर काच उबवितो. दोघे मिळून काच लवकर स्वच्छ करतात.

आम्हां किनाऱ्यावरील लोकांना मात्र दुसऱ्या प्रकारचे धुकेही भेटते. बाहेर उकाडा व दमट हवा, आत ए. सी.चा थंड झोत थेट काचेवर. मग काचेच्या बाहेरच्या अंगाला दव धरते. येथे वरचा उपाय जसाच्या तसा चालत नाही. वायपर फिरवावा, थंड झोत काचेवरून काढावा व तापमान थोडे वाढवावे. धुके कोणत्या अंगाला आहे, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे: शेजारी बसलेल्याने आपल्या बाजूच्या काचेवर आतून बोट फिरवावे. रेघ उमटली तर धुके आतले. न उमटली तर बाहेरचे.

उन्हात उभी मोटार

सूर्यप्रकाश काचेतून आत शिरतो, आसने तापवितो. तापलेल्या आसनांची उष्णता मात्र काचेतून तितक्या सहज बाहेर पडत नाही. त्यामुळे उन्हातील बंद मोटारीचे तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. म्हणून धाकट्या भावंडाला ‘आत्ता येतो’ म्हणून बंद मोटारीत ठेवून कोणी जाऊ लागले, तर विद्यार्थ्यांनी तेथे अदबीने पण ठामपणे नको म्हणावे. मोठ्यांपुढे बोलण्यास संकोच वाटतो हे आम्ही जाणतो. पण येथे जिवाचा प्रश्न आहे. तसेच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ए. सी.त बसू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू आहे आणि त्याला वास नसतो.

नभोवाणी

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. तेव्हापासून प्रवासाला सोबत झाली. रेडिओवर दोन प्रकारच्या लहरी ऐकू येतात. १००० किलोहर्ट्‌झच्या मध्यम लहरीची लांबी ३०० मीटर. ती जमिनीलगत दूरवर पसरते व टेकड्यांना बरीच वळसा घालते, परंतु वीज चमकली की तिच्यात खरखर मिसळते. १०० मेगाहर्ट्‌झची एफ. एम. लहर अवघी ३ मीटरांची. तिचा आवाज स्वच्छ असतो, पण ती बहुतांशी सरळ रेषेत जाते. डोंगर आड आला की क्षीण होते. घाटात गाणे मध्येच तुटते, तो रेडिओचा दोष नव्हे, डोंगराची सावली होय. तेव्हा कळ फिरवीत बसू नये. माथा ओलांडला की पुढच्या प्रदेशातील केंद्र आपोआप स्पष्ट होते. आवाजही इतकाच असावा की मागील वाहनाचा भोंगा व रुग्णवाहिकेचा इशारा ऐकू यावा.

हात कोणाचा?

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. केंद्र शोधण्यासाठी चालकाने तीन सेकंद नजर खाली वळविली, तर मोटार ६० मीटर आंधळी धावली. म्हणून हवा, झोत व केंद्र यांची मांडणी निघण्यापूर्वीच करावी आणि वाटेत बदल करणे झालेच, तर ते शेजारी बसलेल्याने करावे. सुकाणू धरणाऱ्याचे डोळे रस्त्यावर राहतील, अशी व्यवस्था करणे हीदेखील प्रवासातील एक जबाबदारीच आहे. ती उचलण्यास परवाना लागत नाही, समज लागते.

स्वाध्याय

१. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे खडे टाका. बाहेरून दव धरू लागताच पाण्याचे तापमान मोजा. हा प्रयोग मे व जानेवारी महिन्यांत करून फरक लिहा.

२. ताशी ५४ किलोमीटर वेगाची मोटार दोन सेकंदांत किती मीटर जाईल?

३. पावसात काच धूसर झाली असता प्रथम कोणती कळ दाबाल व का, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.