ट्रॅक्टर व मोटारीसाठी हवेचा कॉम्प्रेसर
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ज्या शेतकरी बांधवांकडे ट्रॅक्टर व मोटार दोन्ही आहेत, त्यांनी कॉम्प्रेसर घेताना केवळ कमाल दाबाच्या आकड्यास भुलू नये. काळ्या जमिनीत नांगरणी करताना ट्रॅक्टरच्या मागील टायरांत दर चौरस इंचास साधारणतः 12 ते 14 पौंड दाब पुरतो. मोटारीस 30 ते 35 पौंड लागतो. तथापि ट्रॅक्टरच्या टायरात हवा कितीतरी अधिक मावते. यास्तव यंत्र दर मिनिटास किती हवा देते, हे विक्रेत्यास आवर्जून विचारावे. मोटारीच्या बॅटरीवरील छोटा पंप येथे तापून थकतो.

टाकीत साचलेले पाणी वापरानंतर काढून टाकावे. अन्यथा पत्रा आतून गंजून टाकी फुटण्याचा व जीवावर बेतण्याचा संभव असतो. जुनी टाकी कितीही स्वस्त मिळो, तीस वेल्डिंगचे ठिगळ दिसल्यास ती मुळीच घेऊ नये.