थकलेले हृदय आणि घरातील मीठ

‘हार्ट फेल’ हे शब्द आपल्याकडे बहुधा मृत्यूच्या बातमीतच कानी पडतात. त्यामुळे आमच्या आजीच्या केसपेपरवर ते दिसले तेव्हा घरातल्या सर्वांचे धाबे दणाणले. वास्तविक या आजारात हृदय बंद पडत नाही, ते थकते. रक्त पुरेसे पुढे ढकलले जात नाही, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. मग पाय सुजतात, आडवे झाले की दम लागतो. उशाशी एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा होणे हेही याचेच लक्षण.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला यातील इतिहास अधिक भावतो. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या औषधी गुणांवर पुस्तक लिहिले. त्यातून डिजिटॅलिस आले. बीटा ब्लॉकर औषधांची कथा तर उलटीच! थकलेले हृदय ती आणखी मंद करतील म्हणून डॉक्टर ती टाळत. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांत त्यांनीच मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. दमलेल्या बैलाला चाबूक मारण्यापेक्षा गाडीतले ओझे उतरवावे, तसे हे झाले.

पण खरा उपचार घरात चालतो. आजी रोज सकाळी न्याहारीपूर्वी वजन करते आणि दिनदर्शिकेवर पेन्सिलीने आकडा टिपते. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, साठलेले पाणी. डॉक्टरांना लगेच कळवायचे. लोणचे, पापड, सांडगी मिरची यांतले मीठ कोणी मोजत नाही. सैंधवही मुख्यतः सोडियमचेच मीठ, हे शेजारच्या काकूंना अजून पटलेले नाही. ‘कमी सोडियम’चे मीठ तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये, त्यातील पोटॅशियम काही गोळ्यांबरोबर धोक्याचे ठरते. गुडघेदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्याही शरीरात पाणी धरून ठेवतात.

‘‘आता बरी आहे ना मी, मग गोळ्या कशाला रे?’’ असे आजी महिन्यातून एकदा तरी विचारते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत, हृदय सुधारलेल्या २५ रुग्णांची औषधे देखरेखीखाली हळूहळू थांबवली होती. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार उलटला. हा हिशेब आजीला समजावण्याचे काम घरात माझ्याकडे आहे.